इलेक्ट्रॉन दोघांचे, मग झुकतात एकाकडेच का?

प्रश्न वसमतच्या अकरावीतल्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "दहावीपर्यंत माझं मराठी माध्यम होतं. तेव्हा शिकलो की सहसंयुज बंधात इलेक्ट्रॉन दोन्ही अणूंचे सामाईक असतात. आता सांगतात की ते जास्त विद्युतऋण अणूकडे ओढलेले असतात. मग सामाईक कसले? दुसरं, क्लोरीनची इलेक्ट्रॉन अफिनिटी फ्लोरीनपेक्षा जास्त आहे, तरी विद्युतऋणता फ्लोरीनची जास्त कशी? तिसरं, विद्युतऋणतेच्या किमतींमधला फरक १.७ च्या वर गेला की बंध आयनिक, तर हायड्रोजन फ्लोराइडचा फरक १.७८ असून तो सहसंयुज कसा? आणि या सगळ्या किमती पाठ कराव्या लागतात का?"

नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना मला चोवीस वर्षं झाली. हे चार प्रश्न दरवर्षी येतात, पण वेगवेगळ्या मुलांकडून. तू चारही एकदम विचारलेस, ते बरं झालं, कारण चौघांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. विद्युतऋणता हा अणूच्या अंगचा गुण आहे, वजनासारखा, असं आपण धरून चालतो. तसं नाही. विद्युतऋणता म्हणजे बंधात असताना, सामाईक इलेक्ट्रॉनांवर अणूची असलेली ओढ. बंध नसेल तर ही ओढ कोणावर मोजायची?

आधी "सामाईक" या शब्दाचं बघू. आपल्याकडे भावकीत सामाईक विहीर असते. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं असतात. थोरल्याचं शेत विहिरीला लागून आणि मोटार साडेसात एचपीची. धाकट्याची मोटार तीन एचपीची आणि पाइपलाइन पाचशे फूट लांब. विहीर सामाईक आहे का? आहेच. पण पाणी जास्त कुठं पडतं हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. सामाईक म्हणजे दोघांचा हक्क, निम्मा-निम्मा वाटा नव्हे. हायड्रोजनच्या रेणूत दोन्ही अणू हायड्रोजनचेच, म्हणून वाटा सारखा. हायड्रोजन क्लोराइडमध्ये तो सारखा असायचं काही कारणच नाही.

या उदाहरणाची एक मर्यादा लक्षात ठेव. पाणी एका शेतात गेलं की दुसऱ्यात नसतं. इलेक्ट्रॉनांची जोडी अशी कुठं "जात" नाही. तिचा ढग दोन्ही केंद्रकांना वेढून असतो, फक्त एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ. दाट बाजूला थोडा ऋणभार, विरळ बाजूला तेवढाच धनभार. पुस्तकात डेल्टा मायनस, डेल्टा प्लस लिहितात ते हेच. पाण्याच्या रेणूचं द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे भार किती आणि किती अंतरावर विभागले गेलेत याचं माप, १.८५ डिबाय आहे (डिबाय हे त्याचं एकक). त्यावरून साधा हिशेब केला तर प्रत्येक हायड्रोजनवर एका पूर्ण भाराच्या साधारण एक तृतीयांश धनभार येतो. म्हणजे ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन हिसकावून घेतलेला नाही, हायड्रोजनही मोकळ्या हाताने बसलेला नाही.

आता मोटारीची ताकद आणि पाइपलाइनचं अंतर. विद्युतऋणता ठरते ती मुख्यतः या दोनच गोष्टींवर. मोटारीची ताकद म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन, पण सगळे नव्हेत. आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन मध्ये पडदा धरतात, त्यामुळे बाहेरच्या इलेक्ट्रॉनला पूर्ण भार जाणवत नाही. उरतो तो परिणामी केंद्रकभार. लिथिअममध्ये ३ प्रोटॉन आहेत, पण बाहेरच्या इलेक्ट्रॉनला सुमारे १.३ चाच भार जाणवतो. त्याच आवर्तात पुढे जात फ्लोरीनपर्यंत पोचलं की प्रोटॉन ९ होतात. पडदा धरणारं आतलं कवच मात्र तेच, दोन इलेक्ट्रॉनांचं. सोबतचे बाहेरचे इलेक्ट्रॉन एकमेकांना फारसे झाकत नाहीत. म्हणून जाणवणारा भार ५.२ पर्यंत चढतो. लिथिअमची विद्युतऋणता ०.९८, फ्लोरीनची ३.९८. आवर्तात डावीकडून उजवीकडे ती वाढते, हे वाक्य पाठ करण्यापेक्षा हे दोन आकडे समजून घे.

अंतराचा खेळ गणात वरून खाली दिसतो. फ्लोरीनची सहसंयुज त्रिज्या, म्हणजे बंधात असतानाची अणूची त्रिज्या, सुमारे ६४ पिकोमीटर, क्लोरीनची ९९. क्लोरीनला परिणामी भार थोडा जास्तच मिळतो, ६.१. पण ओढ अंतराच्या वर्गाने घटते. वही घे आणि भागाकार करून बघ: ५.२ भागिले ६४ चा वर्ग, आणि ६.१ भागिले ९९ चा वर्ग. फ्लोरीनची ओढ क्लोरीनच्या जवळपास दुप्पट येते. मोटार थोडी लहान असली तरी शेत विहिरीच्या काठावर आहे. ऑलरेड आणि रोचो या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १९५८ साली याच धर्तीवर विद्युतऋणतेची मोजपट्टी मांडली होती.

तुझा दुसरा प्रश्न आता सोपा होईल. मुलांना सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच आहे आणि बऱ्याचदा "अपवाद आहे, लक्षात ठेवा" असं म्हणून तो मिटवला जातो. मला ते पटत नाही. इलेक्ट्रॉन अफिनिटी म्हणजे एकट्या, वायुरूप अणूत बाहेरून एक अख्खा नवा इलेक्ट्रॉन घातला तर किती ऊर्जा बाहेर पडते. क्लोरीनला ३४९ किलोज्यूल प्रति मोल, फ्लोरीनला ३२८. फ्लोरीन एवढासा, त्याच्या दुसऱ्या कवचात आधीच सात इलेक्ट्रॉन दाटीवाटीने बसलेले. आठवा आत शिरताना ते त्याला रेटतात. भरलेल्या एसटीत चढणाऱ्याला आतले लोक रेटतात तसं. क्लोरीनची गाडी मोठी आहे, रेटा कमी.

पण बंधात असा अख्खा परका इलेक्ट्रॉन येत नाही. दोघांचा एकेक इलेक्ट्रॉन मिळून जोडी होते. तिथं दोन गोष्टी बघाव्या लागतात: समोरच्याचा इलेक्ट्रॉन किती ओढतो, आणि स्वतःचा किती घट्ट धरतो. ही दुसरी बाजू तुझ्या प्रश्नात सुटली होती. रॉबर्ट मलिकन यांनी १९३४ मध्ये नेमकं हेच मांडलं: आयनीभवन ऊर्जा (अणूतला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) आणि इलेक्ट्रॉन अफिनिटी यांची सरासरी घ्या. फ्लोरीनचा इलेक्ट्रॉन काढायला १६८१ किलोज्यूल लागतात, क्लोरीनचा काढायला १२५१. सरासरी फ्लोरीनची १००० च्या थोडी वर, क्लोरीनची बरोबर ८००. अफिनिटीत फ्लोरीन २१ ने मागे पडतो आणि स्वतःचं धरून ठेवण्यात ४३० ने पुढे जातो. अपवाद वगैरे काही नाही.

मग हे ३.९८, ३.१६ असले आकडे आले कुठून? हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांचे. कुठलाही अणू काट्यावर ठेवून ते मिळालेले नाहीत, आणि मला वाटतं हे वर्गात सांगायलाच हवं. १९३२ साली पॉलिंग यांनी बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जांकडे बघितलं. हायड्रोजन-हायड्रोजन बंध तोडायला ४३६ किलोज्यूल, क्लोरीन-क्लोरीन बंध तोडायला २४२. हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्यात वाटणी अगदी सारखी असती तर त्यांचा बंध या दोघांच्या मधोमध, म्हणजे ३३९ च्या आसपास हवा होता. प्रत्यक्षात तो ४३१ भरतो. हे वरचे ९२ कुठून आले? इलेक्ट्रॉन एकीकडे झुकल्यामुळे दोन टोकांवर विरुद्ध भार आले, त्या भारांमधल्या आकर्षणाने बंध जास्त घट्ट झाला. पॉलिंग यांनी या जादा ऊर्जेतून फरक काढला. ९२ ला ९६.५ ने भागून इलेक्ट्रॉन व्होल्ट कर, वर्गमूळ काढ. ०.९८ येतं. तक्त्यात क्लोरीन ३.१६ आणि हायड्रोजन २.२०, फरक ०.९६. दरवर्षी मी हे फळ्यावर मुलांकडूनच सोडवून घेतो. उत्तर जुळलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात, कारण तक्त्यातला आकडा पहिल्यांदाच आपल्या हातून निघालेला असतो.

पॉलिंग यांच्या रीतीत मिळतो तो फरकच. एका अणूची सुटी किंमत मिळत नाही. एकाची किंमत ठरवून घ्यायची आणि बाकीच्यांची त्यावरून काढायची. म्हणूनच हेलिअम आणि निऑनच्या चौकटीत पॉलिंग तक्त्यात रेघ असते. त्यांची ओढ शून्य आहे असा त्या रेघेचा अर्थ नाही, मोजायला बंधच नाहीत. झेनॉनची संयुगं १९६२ पासून तयार होऊ लागली, त्यामुळे त्याला २.६० ही किंमत मिळाली. तोच झेनॉन, बदललं काय? बंध सापडला.

एकाच अणूचीसुद्धा किंमत सगळीकडे सारखी राहत नाही. मिथेनमधल्या कार्बनची सुमारे २.५, पण ॲसिटिलीनमधल्या, तिहेरी बंधातल्या कार्बनची सुमारे ३.३ धरतात. तिथं कार्बन इलेक्ट्रॉन इतके जवळ धरतो की त्याच्या हायड्रोजनला किंचित आम्लधर्म येतो. वेल्डिंगवाल्याकडे कॅल्शिअम कार्बाइडचे खडे असतात ना, त्यांत दोन कार्बन अणूंची जोडीच ऋणभार घेऊन बसलेली असते. आंबे पिकवायला याच खड्यांचा वापर करतात, त्यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

आता १.७ ची रेघ. ही रेघ निसर्गाने मारलेली नाही. फरक १.७ च्या जवळ आला की बंधाचा आयनिक अंश साधारण निम्मा होतो, असा एक अंदाज आहे. त्याचा पुढे नियम करून टाकला गेला. हायड्रोजन फ्लोराइडचा फरक १.७८, पण मोजलेल्या द्विध्रुव आघूर्णावरून त्याचा आयनिक अंश ४१ टक्क्यांच्या आसपास निघतो. तो १९.५ अंश सेल्सिअसला उकळतो. आयनिक पदार्थ असा हिवाळ्याच्या दुपारी उकळत नाही. याहून ठळक उदाहरण हवं तर सिलिकॉन टेट्राफ्लोराइड घे. फरक २.०८, आणि तो साध्या तापमानाला चक्क वायू असतो. उलट सोडिअम हायड्राइड: फरक फक्त १.२७, पण स्फटिक आयनिक, हायड्रोजनवर ऋणभार. म्हणून परीक्षेत १.७ विचारलं तर लिही, पण पदार्थ कसा वागतो हे त्यावरून ठरवू नकोस. सहसंयुज आणि आयनिक ही दोन वेगळी गावं नाहीत, मध्ये अख्खा रस्ता आहे आणि बहुतेक बंध त्या रस्त्यावरच कुठंतरी उभे आहेत.

पाण्याकडे वळू. मराठवाड्यात पाण्याचं मोल सांगावं लागत नाही. ऑक्सिजनची ३.४४, हायड्रोजनची २.२०. आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या बरोबर खाली गंधक आहे, त्याची २.५८. म्हणजे हायड्रोजन सल्फाइडमध्ये फरक जेमतेम ०.३८. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांला उकळतो आणि पाणी १०० ला. ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन जवळ ओढल्याने हायड्रोजन इतका उघडा पडतो की शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. हाच हायड्रोजन बंध. मे महिन्यात रांजणातलं पाणी गार का लागतं? रांजणाच्या अंगातून पाझरलेलं पाणी कोरड्या वाऱ्यात उडून जाताना हे हायड्रोजन बंध तोडावे लागतात. एक किलो पाणी उडून जायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती आतल्या पाण्यातूनही घेतली जाते. कोकणात हवा दमट असल्यामुळे रांजण आपल्याइतका गार करत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामागेही पाण्याचा हा ध्रुवीयपणा आहे. मातीच्या ऋणभारित थरांमध्ये सोडिअम-कॅल्शिअमचे आयन असतात, पाण्याचे रेणू ऑक्सिजनचं टोक त्यांच्याकडे करून थरांत शिरतात.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची आहे. पाण्याची ध्रुवीयता दाखवायला ब्युरेटमधून बारीक धार सोडायची आणि घासलेला प्लास्टिकचा कंगवा जवळ न्यायचा, धार वाकते. जानेवारीच्या कोरड्या हवेत हा प्रयोग सुरेख होतो. केसांना खोबरेल लावलेलं असेल तर कंगव्यावर भार टिकत नाही, मग कोणीतरी स्वेटरवर घासून देतं. "बघा, पाण्याचे रेणू वळले आणि ओढले गेले," असं मी कित्येक वर्षं सांगत आलो. ते अपुरं होतं. धार इतकी वाकते ती मुख्यतः तिच्यावर प्रवर्तनाने, म्हणजे जवळच्या कंगव्याच्या भारामुळे, विद्युतभार येतो म्हणून. ध्रुवीय नसलेल्या द्रवाची धारही जोरदार भाराजवळ थोडी वाकू शकते. प्रयोग खरा आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष कच्चा होता. ज्या मुलांना मी तसं शिकवलं त्यांच्यातली काही आज स्वतः शिक्षक आहेत, म्हणून हे लिहून ठेवतो.

त्याऐवजी मी आता परीक्षानळी घेतो. तळाशी आयोडीनचं फिकट तपकिरी पाणी, त्यावर तेवढंच रॉकेल किंवा हेक्झेन. बूच लावून नळी हलवायची आणि स्टँडला ठेवून द्यायची. मिनिटभरात दोन थर वेगळे होतात. खालचं पाणी फिकं पडतं, वरचा थर जांभळा होतो. आयोडीनच्या रेणूत दोन्ही अणू सारखे, ओढ समसमान, कुठंच भाराचं टोक नाही. पाण्याच्या रेणूंनी आपापसात हात घट्ट धरलेले असतात, त्यांच्यात त्याची सोय लागत नाही. रॉकेलमध्ये कार्बन २.५५ आणि हायड्रोजन २.२०, फरक नगण्य. तिथं त्याला जागा मिळते. हा बदल डोळ्यांसमोर होतो.

किमती पाठ करण्याबद्दल. फ्लोरीन ४, ऑक्सिजन साडेतीन, नायट्रोजन तीन, कार्बन अडीच, हायड्रोजन २.२, सोडिअम सुमारे ०.९. क्लोरीन नायट्रोजनच्या किंचित वर. एवढं डोक्यात असलं की पुरे, बाकीच्यांची जागा आवर्तसारणीवरून अंदाजाने लावता येते.

फ्लोरीनबद्दल जरा थांबून लिहितो, कारण आमच्या जिल्ह्यात तो फक्त पुस्तकात नाही. माझ्या वर्गात किनवटकडची मुलं असतात. काहींच्या दातांवर तपकिरी पट्टे असतात आणि ती हसताना तोंडावर हात धरतात. आपल्या बहुतेक भागात खाली काळा बेसाल्ट आहे, तिकडे ग्रॅनाइटसारखा जुना खडक वर येतो. त्यातल्या खनिजांतून फ्लोराइड भूजलात उतरतं. फ्लोरीन निसर्गात मोकळा जवळजवळ कधीच सापडत नाही, कारण त्याची ओढ सर्वांत जास्त, तो कायम कोणाचा तरी इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला. आणि घेतलेला इलेक्ट्रॉनही इतका आवळून धरतो की फ्लोराइड आयन लहानच राहतो: त्रिज्या १३३ पिकोमीटर, क्लोराइडची १८१. हा आकार हायड्रॉक्साइडच्या आकाराच्या अगदी जवळ. म्हणून दात-हाडांच्या खनिजात कॅल्शिअमशेजारची हायड्रॉक्साइडची जागा तो घेऊ शकतो. थोड्या प्रमाणात दात टणक होतो. लहानपणी दात तयार होत असताना जास्त गेलं तर दाताचं वरचं आवरण नीट घडत नाही, आणि वर्षानुवर्षं जास्त जात राहिलं तर हाडं-सांधे आखडतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाट होतं. हे घरी आईला, आजीला नक्की सांग. काढायचं तर त्याला जास्त आवडेल असा जोडीदार द्यावा लागतो. ॲल्युमिनिअमची विद्युतऋणता १.६१, फ्लोरीनशी फरक २.३७. तुरटी आणि चुना टाकून ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचा साका तयार करायचा, फ्लोराइड त्याला धरून तळाशी बसतं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली ही पद्धत नालगोंडा तंत्र म्हणून ओळखली जाते. तुरटीचं प्रमाण मात्र पाणी तपासूनच ठरवायचं असतं, अंदाजाने टाकायची नाही.

आता एक काम तुझ्यासाठी. अमोनियाचं द्विध्रुव आघूर्ण १.४७ डिबाय आहे. त्यातले तिन्ही हायड्रोजन काढून फ्लोरीन बसवले की नायट्रोजन ट्रायफ्लोराइड होतं. आकार तसाच, तिपाईसारखा. फ्लोरीन एवढा ओढणारा, तरी आघूर्ण घसरून ०.२३ च्या आसपास येतं. कागदावर दोन्ही रेणू काढ, नायट्रोजनच्या डोक्यावरची एकाकी जोडी (बंधात न गेलेले दोन इलेक्ट्रॉन) विसरू नकोस, आणि प्रत्येक बंधात इलेक्ट्रॉन कुणीकडे झुकलेत याचे बाण दाखव. बाणांची दिशा बदलते कुठं ते सापडलं की मला लिही.